नाशिकभोवतीची जमीन घरांसाठी कशी जोखायची

नाशिक पाच-सहा दिशांना पसरतंय. म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्ता, आडगावच्या पुढे ओझरकडे, छत्रपती संभाजीनगर रस्त्याने माडसांगवी-शिलापूरकडे, शिंदे-पळसे ओलांडून सिन्नरकडे, पाथर्डी फाट्यावरून विल्होळी-वाडीवऱ्हेकडे आणि गंगापूर-गोवर्धन ते त्र्यंबक रस्ता. या पट्ट्यांत रोज कुठला ना कुठला गट (स्वतंत्र नंबर असलेला जमिनीचा तुकडा) ‘प्लॉटिंगला उत्तम’ म्हणून दाखवला जातो. दाखवणाऱ्याला विकायचा असतो, त्यामुळे जोखण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

गृहनिर्माण संस्था उभी करू पाहणारी मंडळी, पहिलाच लेआऊट करणारा विकासक, नगररचनेत नव्याने काम करणारे अभियंते आणि गावाचा विचार करणारे ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी हा लेख आहे. एका गटावर पुढच्या पाच वर्षांत घरं होतील का, दहा-पंधरा वर्षांनी होतील का, की कधीच नाही, हे ठरवायचं आहे.

तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या तपासणीला शे-दोनशे रुपये लागतात आणि जी एका दिवसात गटाला बाद करू शकते, ती आधी. जेसीबी, माती परीक्षण, आर्किटेक्टचा आराखडा हे सगळं नंतर. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. आधी सुंदर लेआऊट काढून घेतो आणि मग कळतं की गट शेती झोनमध्ये आहे.

नकाशे गोळा करा

गट नंबर कळला की पाच गोष्टी एकाच फाइलमध्ये ठेवा: गाव नकाशा, गटबुक नकाशा, विकास योजनेचा किंवा प्रादेशिक योजनेचा भाग नकाशा, पूररेषेचा नकाशा आणि उपग्रह चित्र. पहिले दोन भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतात. महाभूनकाशावर ऑनलाइनही दिसतात, पण तो नकाशा हद्दीच्या वादात पुरावा म्हणून चालत नाही, अंदाजासाठीच वापरा.

उपग्रह चित्र आजचं बघून थांबू नका. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं उलगडता येतात. तिथे बुजवलेलं शेततळं, भरलेली दगडखाण, वळवलेला नाला असं सगळं उघडं पडतं. नाशिकच्या द्राक्ष पट्ट्यात शेततळी भरपूर आहेत. विकायच्या आधी तळं बुजवून वर नांगर फिरवला की जागेवर काही कळत नाही, दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात मात्र निळा चौकोन स्पष्ट दिसतो. सारूळच्या बाजूला दगडखाणींचा भाग आहे, तिथे ही तपासणी चुकवूच नका. भरावावर बांधलेलं घर एका बाजूने बसतं आणि ते नंतर सरळ होत नाही.

झोन आणि आरक्षण

जमीन महापालिका हद्दीत असेल तर राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. नाशिकची सुधारित विकास योजना २०१७ मध्ये मंजूर झाली, तिचाच आधार लागतो. हद्दीबाहेर असेल तर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा नगररचना सहायक संचालकांचं कार्यालय. दाखला तोंडी नको, एजंटने मोबाइलवर दाखवलेला पिवळा (रहिवास झोनचा) रंगही नको. गट नंबर, क्षेत्र आणि तारीख असलेला सहीचा दाखला हवा. एकाच गटाचा अर्धा भाग रहिवास आणि अर्धा शेती झोनमध्ये असणं नेहमीचं आहे. अशा गटात झोनची रेषा नेमकी कुठून जाते हे मोजणी नकाशावर आखून घ्यावं लागतं.

दाखल्यावर चार गोष्टी शोधा: झोन, आरक्षण, विकास योजनेतला रस्ता आणि पूररेषा. आरक्षण दिसलं म्हणजे जमीन कायमची गेली असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पुढची कारवाई झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. म्हणजे असा गट ‘दहा वर्षांच्या पुढे’ या खान्यात जातो, आजच्या खान्यात नाही. तपोवनातली साधुग्रामची जमीन हा याहून वेगळा प्रकार आहे. सिंहस्थासाठी ती पुन्हा पुन्हा लागते, त्यामुळे तिथे आरक्षण उठण्याच्या आशेवर पैसे गुंतवू नयेत.

नगररचना योजना प्रस्तावित असलेल्या भागात अजून एक हिशेब येतो. मखमलाबाद-हनुमानवाडीत अशी योजना पुढे आली आणि शेतकऱ्यांनी तिला विरोधही केला. योजना झाली तर मूळ गटाऐवजी अंतिम भूखंड मिळतो. रस्ते, मोकळ्या जागा, सुविधा यांसाठी साधारण निम्म्यापर्यंत जमीन वजा होऊ शकते. उरलेला भूखंड रस्त्याला लागून आणि चौकोनी मिळतो हा फायदा. पण एकरी भाव ठरवताना मूळ क्षेत्र धरलं तर व्यवहार फसतो.

घोषणांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. रिंग रोड, नवा महामार्ग, रेल्वेमार्ग, मेट्रो यांच्या बातमीनेच भाव चढतात आणि सिंहस्थाच्या तोंडावर तर जास्तच. बातमीला शून्य किंमत द्या. भूसंपादनाची अधिसूचना निघाली का, तुमच्या शेजारच्या गटांच्या सातबारावर तिची नोंद आली का, मोजणीचे खांब रोवले का, एवढंच बघा. समृद्धी महामार्गावर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. अशा पूर्ण झालेल्या रस्त्याचा विचार जरूर करा, पण तिथेही महामार्ग गटाजवळून जातो याला अर्थ नाही. त्याच्यावर चढता-उतरता कुठे येतं आणि तिथपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे पाहावं लागतं.

सातबारा वाचताना

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या जमिनींचा एकत्रित उतारा) काढा. क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीखाली नसलेलं क्षेत्र) वेगळे असतात. पोटखराबा ‘वर्ग ब’ म्हणजे नाला, रस्ता, स्मशान अशा सार्वजनिक वापराखालची जागा. विकणारा एकूण क्षेत्राचे पैसे मागतो, पण वर्ग ब वर घर होत नाही. तेवढे गुंठे वजा करूनच बोला.

मग भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ असेल तर मालकाला विकायला सहसा अडचण नसते. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आला. त्या परवानगीशिवाय झालेलं खरेदीखत शर्तभंग ठरतं आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

‘इतर हक्क’ हा रकाना सगळ्यात जास्त वेळ देऊन वाचा. त्यात काय सापडतं आणि त्याचा अर्थ काय, हे नाशिक परिसराच्या दृष्टीने असं:

- कुळकायदा कलम ४३ ची शर्त. कुळाला मिळालेली जमीन. कलम ३२-म चं प्रमाणपत्र कधी मिळालं, ते बघा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासूनचे फेरफार (हक्कांतल्या बदलांच्या नोंदी) काढल्याशिवाय हा धागा पूर्ण दिसत नाही.
- जमीन महसूल संहितेचं कलम ३६, ३६-अ. आदिवासी खातेदाराची जमीन. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, दिंडोरी या तालुक्यांत हे वारंवार येतं. बिगर-आदिवासीकडे हस्तांतर करायला जिल्हाधिकाऱ्यांची, तीही शासनाच्या मान्यतेने, परवानगी लागते. काही सातबारांवर शेरा सुटलेला असतो, म्हणून जुन्या फेरफारांतली मूळ खातेदारांची नावं बघा. या जमिनी कुठल्यातरी वाटेने मिळवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. हा कायदा ज्यांच्या संरक्षणासाठी आहे, त्यांची जमीन आधीच खूप गेली आहे.
- देवस्थान इनाम, वतन. नाशिक आणि त्र्यंबक दोन्ही तीर्थक्षेत्रं, त्यामुळे देवस्थानच्या जमिनी इथे जागोजागी आहेत. कसणाऱ्याचं नाव दिसतं म्हणून तो मालक ठरत नाही.
- पुनर्वसनासाठी राखीव, हस्तांतरास बंदी. धरणांच्या लाभक्षेत्रातल्या गावांत हा शेरा असतो. शेरा उठवल्याचा आदेश फेरफाराला जोडलेला हवा.
- वन, खाजगी वन. डोंगराच्या पायथ्याच्या गटांवर. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याचा शेरा दिसला तर वन विभागाकडून लेखी खुलासा येईपर्यंत पुढे जाऊ नका.
- नागरी कमाल जमीनधारणा. हा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण शहरालगतच्या जुन्या सर्व्हे नंबरांवर त्यातल्या योजनांचे शेरे अजून आहेत.

बोजा, न्यायालयीन वाद आणि वारसांची नावं तर पाहायचीच. बहिणींची नावं फेरफारात आहेत का, हक्कसोड नोंदणीकृत आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या ३० वर्षांच्या शोधातून निघतं. हा शोध वकिलाकडून करून घ्या. तलाठ्याशी बोलून (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे) प्रलंबित फेरफार आहे का, तेही विचारा. सातबारावर आज न दिसणारी तक्रार तिथे पडून असते.

घेणाऱ्याचाही प्रश्न असतो. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. मात्र नियोजन क्षेत्रात मंजूर योजनेनुसार रहिवासासारख्या बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला ही अट लागत नाही, म्हणून झोन दाखला इथेही कामी येतो. आणि दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा कुणी देऊ करत असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा लक्षात ठेवा. शहरी भागासाठी त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, त्या तुमच्या गावाला लागू आहेत का, हे दुय्यम निबंधकांकडून लेखी कळलं तरच तो व्यवहार विचारात घ्या.

रस्ता: इथे सगळ्यात जास्त गट अडतात

कागद स्वच्छ, झोन पिवळा, जमीन सपाट, आणि तरीही गट बाद होतो तो बहुधा रस्त्यामुळे. गाव नकाशावर रस्ते वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात. दोन गावांच्या शिवेवरचा हद्दीचा रस्ता साधारण ३० ते ३३ फुटांचा, गाडीमार्ग साडेसोळा ते २१ फुटांचा आणि पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. २१ फूट म्हणजे ६.४ मीटर. आता एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, बघा. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ चटईक्षेत्र मिळतं, म्हणजे जमिनीच्या १.१ पट बांधकाम. त्याच्यावर प्रीमियम (पैसे भरून घेतलेलं जादा चटईक्षेत्र) किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) चढवता येत नाही. म्हणजे नकाशात गाडीमार्ग असलेला गट रुंदीकरण होईपर्यंत अपार्टमेंटसाठी निकामी. बांधलगतच्या सगळ्या मालकांनी थोडी-थोडी जागा सोडली तरच तो उघडतो.

प्रत्यक्ष रुंदी टेपने मोजा. मुख्य डांबरी रस्त्यापासून गटापर्यंत दर १०० मीटरला एकदा, कुंपणापासून कुंपणापर्यंत. सगळ्यात कमी आलेला आकडा म्हणजे तुमच्या रस्त्याची रुंदी. एका घराचा ओटा किंवा एक विहीर पुढे आलेली असली तरी तोच आकडा धरायचा.

दुसरा घोटाळा वहिवाटीचा. तहसीलदाराने महसूल संहितेच्या कलम १४३ खाली दिलेला रस्ता शेतात जाण्यासाठी असतो. बैलगाडी, ट्रॅक्टर जातो म्हणून लेआऊटला तो पुरत नाही. शेजाऱ्याच्या गटातून रस्ता हवा असेल तर नोंदणीकृत करार, रुंदी मीटरमध्ये, मोजणी नकाशावर रंगवलेला पट्टा आणि सातबाराच्या इतर हक्कात नोंद, हे चारही हवेत. ‘बापजाद्यांपासून जातोय’ हे मंजुरी देणाऱ्या कार्यालयात चालत नाही.

पूर, नाले आणि उतार

गोदावरी, दारणा, वालदेवी, नासर्डी, वाघाडी. नाशिकच्या कुठल्याही बाजूला गेलात तरी यातलं एखादं पात्र जवळ असतं. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरं नाहीत. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यावं लागतं. तो भराव आणि स्टिल्टचा (घराखालच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्याचा) खर्च आधीच हिशेबात धरा.

१९६९, २००८ आणि २०१९ चे पूर नाशिककरांच्या लक्षात आहेत. शहरात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी आलं, यावरून पूर मोजतात. खेड्यात अशी खूण नसते, म्हणून गटाजवळच्या जुन्या घरांत, मळ्यांत, देवळात विचारा की २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं. तीन वेगळ्या माणसांनी एकच झाड किंवा एकच पायरी दाखवली, तर ती पातळी डंपी लेव्हलने (उंचसखलपणा मोजायच्या दुर्बिणीने) गटाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्याशी जुळवून घ्या.

नद्यांपेक्षा छोटे नाले जास्त फसवतात, कारण त्यांना पूररेषा आखलेली नसते. गाव नकाशावर नाला आहे आणि जागेवर नाही, असं आढळलं तर तो कुणीतरी बुजवलाय. पाणी तीच वाट धरणार. गटाच्या खालच्या बाजूला जाऊन नाल्यावरची मोरी बघा. तिच्या पाइपचा व्यास, आत साचलेला गाळ, आणि पाणी पुढे कुठे जातं? वरच्या बाजूच्या शेतांच्या जागी उद्या काँक्रीट येईल, तेव्हा पाणी दुपटीने धावेल आणि त्याच मोरीतून जायचा प्रयत्न करेल.

पाऊसमान एकसारखं नाही. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, इगतपुरीत त्याच्या चौपट. वाडीवऱ्हेच्या पुढे पश्चिमेला जाल तसा निचऱ्याचा खर्च वाढत जातो. १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगर भागावर बांधकाम होत नाही, त्यामुळे डोंगराला लागून ‘व्ह्यू’ असलेल्या गटाची समपातळी रेषांची मोजणी करून घ्या. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतली काही गावं पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. आपलं गाव त्यात आहे का, ते नावानिशी तपासा.

माती

इथपर्यंत गट टिकला असेल तर आता जेसीबी बोलवा. मालकाची लेखी परवानगी घ्या. एकरी दोन ते तीन चाचणी खड्डे पुरतात, पण त्यातला एक सगळ्यात खोलगट जागी आणि एक उंचावर हवा. मुरूम लागेपर्यंत किंवा ३ मीटरपर्यंत जा. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराशिवाय उतरू नका, काळी माती इशारा न देता ढासळते. काठावर उभं राहून बकेटमधून आलेला माल क्रमाने मांडा आणि टेप लावून फोटो काढा.

नदीकाठच्या गावांत वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळा मुरूम, मग कठीण मुरूम, आणि शेवटी कातळ असा थर लागतो. डोंगराकडे काळी माती वीतभरच असते, खाली लगेच मुरूम. काळ्या मातीचं ढेकूळ फोडल्यावर आतून गुळगुळीत, चकाकणाऱ्या फटी दिसल्या तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

किती फुगते, ते एका साध्या चाचणीने कळतं. कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती करून मिळते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती, १० ग्रॅमचे दोन भाग. एक भाग केरोसीन भरलेल्या १०० मिलीच्या मोजनळीत, दुसरा पाण्याच्या. काचेच्या कांडीने हलवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचं. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. समजा तिथे ती १० मिलीवर बसली आणि पाण्यात १७ मिलीपर्यंत चढली, तर फुगवटा ७० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेलं की माती जास्त फुगणारी समजायची. अशा जागी पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम अडीच मीटर खाली असेल तर प्रत्येक घराच्या पायाचा खर्च वाढतो, लेआऊटचे रस्ते उचलतात आणि सांडपाण्याचे पाइप सांध्यातून निसटतात.

प्रयोगशाळेच्या आधीची खूण फुकट मिळते. आसपासच्या दहा-बारा वर्षं जुन्या घरांच्या कुंपणभिंती बघा. खिडकीच्या किंवा फाटकाच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग एका घराला असेल तर काम वाईट असू शकतं. ओळीतल्या सगळ्या घरांना असेल तर माती.

कातळ अगदी वर असेल तर पाया स्वस्त आणि भक्कम होतो, पण गटारी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी तो फोडावा लागतो आणि शोषखड्डे चालत नाहीत. काळ्या मातीतही ते चालत नाहीत. म्हणून महापालिकेच्या मलवाहिनीपासून दूर असलेल्या गटावर सांडपाण्याचं काय करणार, हा प्रश्न आराखड्याच्या आधी सुटायला हवा.

पाणी आणि वीज

महापालिकेचं पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून येतं. हद्दीत असलात तरी जवळची जलवाहिनी किती व्यासाची, ती कुठल्या जलकुंभावरून येते आणि त्या कुंभावर आधीच किती भार आहे, हे पाणीपुरवठा विभागात विचारा. हद्दीबाहेर बोअरवेल आणि ग्रामपंचायतीची योजना एवढंच असतं.

आकडे मांडा. ३६ प्लॉट, प्रत्येकी एक घर, घरात ५ माणसं, म्हणजे १८० माणसं. माणशी रोज १३५ लिटर धरले तर २४,३०० लिटर. पुढे प्रत्येक प्लॉटवर तीन कुटुंबं झाली की ७२,९००. आता बोअर तपासा, आणि ती मे महिन्यातच. पावसाळ्यानंतर सगळ्या बोअर चांगल्या असतात. मोटर सलग सहा तास चालवा, दर तासाला २०० लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो, ते नोंदवा. ४ मिनिटांत भरला तर तासाला ३,००० लिटर. एका घराच्या हिशेबाने आठ तास मोटर चालली की भागतं. तीन कुटुंबांच्या हिशेबाने दिवसाचे चोवीस तासही पुरत नाहीत. ती गरज म्हणजे रोज १० हजार लिटरच्या सात-आठ टँकरइतकं पाणी. सहाव्या तासाला ड्रम भरायला दुप्पट वेळ लागला तर पहिल्या तासाचा आकडा विसरा. शेजारच्या विहिरींची मे महिन्यातली पातळीही घ्या. तुम्ही उपसलेलं पाणी त्यांच्या बागांचं असतं आणि ते भांडण नवीन वस्तीला आयुष्यभर पुरतं.

एकलहरे औष्णिक केंद्रामुळे नाशिकरोडच्या पूर्वेला उच्चदाबाच्या वाहिन्यांचं जाळं आहे. १३२ केव्हीच्या वाहिनीखाली २७ मीटर आणि २२० केव्हीखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा लागतो. २२० केव्हीची वाहिनी ८० मीटर लांबीने गटावरून गेली तर २,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २८ गुंठे अडले.

शेजार

देवळाली कॅम्प, भगूर, लहवित या बाजूला लष्करी आस्थापना आहेत. गांधीनगर आणि ओझरच्या धावपट्ट्यांमुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा येतात. दोन्ही ठिकाणी ना-हरकत लागते का, ते अंतर मोजून आधी ठरवा. रेल्वे हद्दीच्या ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेची ना-हरकत. पाथर्डीजवळचा खत प्रकल्प, नदीकाठची मलशुद्धीकरण केंद्रं, सातपूर-अंबड-गोंदे-मुसळगाव या औद्योगिक वसाहती यांच्या वाऱ्याच्या दिशेला गट आहे का, हे संध्याकाळी आणि पहाटे जागेवर उभं राहून बघा. दुपारी वास येत नाही.

किती घरं बसतील

भाव एकरी सांगतात, घरं मात्र निव्वळ क्षेत्रावर बसतात. २ एकर म्हणजे ८० गुंठे, ८,०९४ चौरस मीटर. ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ८०९. अंतर्गत रस्ते २० ते २२ टक्के, साधारण १,७८०. उरले ५,५०० चौरस मीटर. १५० चौरस मीटरचे ३६ प्लॉट, तेही गट चौकोनी असेल तर.

याच गटातून १८ मीटरचा विकास योजनेतला रस्ता ८० मीटर लांबीने गेला तर आधी १,४४० चौरस मीटर वजा. बाकीच्यातून त्याच टक्क्यांनी सोडत गेलात की प्लॉट ३० च्या आसपास राहतात. पण गटाला १८ मीटरचा रस्ता मिळाला, गेलेल्या जागेचा टीडीआर किंवा मोबदला मिळतो आणि अपार्टमेंटला जास्त चटईक्षेत्र लागू होतं. त्यामुळे असा रस्ता दिसला की घाबरून गट सोडू नये. अरुंद, लांबुळक्या गटात मात्र तो सगळं खाऊन टाकतो.

महापालिका हद्दीत अजून एक वजावट. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४.८६ लाख होती. १० लाखांवरच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा जास्त क्षेत्राच्या प्रकल्पात २० टक्के घरं किंवा प्लॉट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावे लागतात. काही जण हे टाळायला गटाचे ४,००० च्या आतले तुकडे करतात. तसं करू नये. त्यात रस्ते वाकडे होतात, खुली जागा जाते आणि ज्यांना शहरात घराची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांचा वाटा बुडतो. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर विक्रीआधी महारेराची नोंदणी लागते, हेही वेळापत्रकात धरा.

प्रतवारी

प्रत्येक गटाला एक पान द्या. वर गट नंबर, गाव, क्षेत्र, तपासणीची तारीख. खाली झोन, हक्क, रस्ता, पूर-निचरा, माती, पाणी-सांडपाणी, शेजार असे सात रकाने आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण: अडचण नाही, सुटू शकते, सुटत नाही. ‘सुटू शकते’ लिहिलं की कोण सोडवणार, किती महिने आणि कोणाच्या खर्चाने, हे लिहायलाच हवं, नाहीतर ती खूण ‘सुटत नाही’ अशी धरा. सगळ्या रकान्यांत ‘अडचण नाही’ असेल तर पाच वर्षांत. झोन बदल, आरक्षण किंवा रस्ता रुंदीकरण बाकी असेल तर दहा वर्षांच्या पुढे. एकही ‘सुटत नाही’ असेल तर गट बाद. गुणांची बेरीज करू नका. पाण्याला दहापैकी नऊ आणि रस्त्याला शून्य मिळालेला गट बेरजेत चांगला दिसतो आणि त्यावर एकही घर उभं राहत नाही.

निवडलेल्या गटाची सरकारी मोजणी आता करून घ्या. ई-मोजणीत नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. हद्द कायम मोजणी मागा, शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि शेवटी ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मिळते. एकत्रीकरण झालेल्या गावांत सातबाराचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यांत दोन-चार गुंठ्यांचा फरक निघणं नवीन नाही.

मोजणीच्या आधी विसार द्यावाच लागला तर रक्कम लहान ठेवा आणि विसार पावतीत तीन अटी लिहून घ्या: भाव ‘क’ प्रतीतल्या क्षेत्रावर, पोटखराबा वर्ग ब वगळून ठरेल. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवर हरकत आली तर ती मालक सोडवेल, नाहीतर विसार परत मिळेल. आणि रस्त्याचा करार नोंदल्याशिवाय साठेखत होणार नाही. या तीनपैकी एका अटीला जरी मालक तयार नसेल, तर त्याला त्याचं कारण विचारा आणि त्या अटीशी संबंधित रकाना पुन्हा तपासा.